विजातीयांची बेरीज

शाळेत बीजगणिताशी आमची पहिली ओळख आंब्यांनी करून दिली. गुरुजींनी फळ्यावर ‘३अ + २ब’ असे लिहिले आणि विचारले, ‘‘तीन आंबे आणि दोन चिकू मिळून किती?’’ वर्गाने एका सुरात ‘पाच’ म्हणून सांगितले. ‘‘पाच काय?’’ या पुढच्या प्रश्नाला मात्र कोणापाशीच उत्तर नव्हते. विजातीय पदांची बेरीज होत नाही, ती आहेत तशी शेजारी शेजारी मांडायची, हा नियम त्या दिवशी आमच्या डोक्यात पक्का बसला. पंधरवड्याने गुणाकाराचा धडा आला. फळ्यावर ‘३अ × २ब = ६अब’ असे उमटले आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, ‘‘गुरुजी, आंबा गुणिले चिकू म्हणजे काय?’’ वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि धडा पुढे सरकला.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्यांची बेरीज होत नाही त्यांचा गुणाकार मात्र होतो, हे विधान कोणत्याही विचारी माणसाला अडखळवणारे आहे. आंब्याचे उदाहरण बेरजेपाशी साथ देते आणि गुणाकारापाशी दगा देते, याचा अर्थ ते मुळातच चुकीच्या जागी रोवलेले असले पाहिजे. या प्रश्नाचे उत्तर मला गणिताच्या वाटेने मिळाले नाही. पुष्कळ वर्षांनी, साहित्याच्या अभ्यासात ‘अव्यक्त’ या शब्दाचा माग काढताना, ते भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात सापडले. हा ग्रंथ इ. स. ११५० चा. बैजिक राशी मिळवायच्या कशा, वजा करायच्या कशा आणि गुणायच्या कशा याचा विचार त्यात ज्या क्रमाने आणि ज्या शब्दांत आला आहे, तो भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांनी एकदा नजरेखालून घालावा असा आहे.

भास्कराचार्य काही आरंभबिंदू नव्हेत. त्यांच्या आधी पाच शतके, इ. स. ६२८ मध्ये, भिल्लमाळ (आजचे राजस्थानातील भिनमाळ) येथील ब्रह्मगुप्ताने वयाच्या तिसाव्या वर्षी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ रचला. ग्रंथ ज्योतिषाचा, परंतु त्याचा अठरावा अध्याय, ‘कुट्टकाध्याय’, हा निखळ बीजगणिताचा आहे. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरजा-वजाबाक्या-गुणाकारांचे नियम तेथे सलग आणि निःसंदिग्ध सांगितले आहेत. धन म्हणजे मत्ता, ऋण म्हणजे कर्ज. दोन्ही शब्द सावकाराच्या ओट्यावरून गणितात आलेले दिसतात. (शून्याला शून्याने भागले असता शून्य येते, असेही ब्रह्मगुप्त सांगतो. तो नियम टिकला नाही. असो.) त्याच अध्यायात अव्यक्त राशींविषयी थोडक्यात सांगितले आहे की अव्यक्त, त्यांचे वर्ग, घन आणि पुढचे घात यांची बेरीज-वजाबाकी समानांची समानांशी करावी, असमान वेगळे ठेवावेत. समानांचा गुणाकार वर्ग होतो. असमानांचा गुणाकार झाला की त्याला ‘भावित’ म्हणावे. माझ्या वर्गातील तो खोडकर प्रश्न आणि त्याचे उत्तर असे दोन्ही या एवढ्याशा जागेत दाटीवाटीने बसलेले आहेत. मात्र ते उलगडून, उदाहरणे देऊन, शिष्याशी बोलल्यासारखे सांगितले ते भास्कराचार्यांनी.

‘बीजगणित’ उघडताच मंगलश्लोकातच साहित्याचा वाचक थबकतो. तो श्लोक श्लिष्ट आहे. ‘अव्यक्त’, ‘बीज’, ‘बुद्धी’, ‘सांख्य’ हे शब्द त्यात असे योजले आहेत की सांख्यदर्शनातील मूळ प्रकृती, वेदान्तातील ईश्वर आणि गणित अशा तिघांनाही एकाच वेळी वंदन घडावे. ‘सांख्य’ म्हणजे सांख्यमताचे तत्त्वज्ञ, आणि संख्या जाणणारे गणितीही. हा श्लेष केवळ चमत्कृतीसाठी आहे असे मला वाटत नाही. व्यक्त जगाच्या मुळाशी एक अव्यक्त बीज आहे, ही दर्शनांनी रुळवलेली कल्पना भास्कराचार्य येथे गणिताच्या कामाला लावत आहेत. ‘लीलावती’ हे व्यक्त गणित, म्हणजे ठाऊक असलेल्या संख्यांचे. ‘बीजगणित’ हे अव्यक्ताचे. अव्यक्त म्हणजे नसलेले नव्हे. ते आहेच, त्याचे मान अजून उघड झालेले नाही, इतकेच.

मग या उघड न झालेल्याला हाक कशी मारावी? भास्कराचार्य सांगतात की पूर्वाचार्यांनी अव्यक्तांच्या मानांना नावे कल्पिली आहेत. पहिले ‘यावत्तावत्’, म्हणजे ‘जेवढे असेल तेवढे’. त्यानंतर मात्र रंग: कालक, नीलक, पीतक, लोहितक, हरितक आणि असेच पुढे. लिहिताना प्रत्येकाचे पहिले अक्षर घ्यायचे, म्हणजे या, का, नी, पी, लो. ज्ञात संख्येला ‘रूप’ म्हणायचे आणि ‘रू’ लिहायचे. वर्गाला ‘व’, घनाला ‘घ’, भाविताला ‘भा’. ऋण राशीच्या अंकावर टिंब द्यायचे. बेरजेचे वेगळे चिन्ह नाही. शेजारी मांडले की मिळवले.

येथे एका शब्दाकडे लक्ष द्यावे. नावे दिली आहेत ती ‘मानां’ना, वस्तूंना नव्हेत. ‘का’ म्हणजे काळी वस्तू नाही, ‘नी’ म्हणजे नीलमणी नाही. ज्याची संख्या ठाऊक नाही त्या संख्येचे ते नाव आहे. रंग निवडण्यामागे कदाचित हाच विवेक असावा. रंग हा स्वतंत्रपणे उभा राहणारा पदार्थ नाही, तो मोजता येत नाही, त्यामुळे ‘तीन कालक’ ऐकताना डोळ्यांपुढे तीन वस्तू येत नाहीत. आमच्या गुरुजींचा ‘अ’ हा आंबा होता. तो ‘आंब्यांची संख्या’ किंवा ‘आंब्याची किंमत’ असता, तर मागच्या बाकाला हसण्याची संधी मिळाली नसती. (चिन्हांचा विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत. १८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावी सापडलेल्या भूर्जपत्रांवरील गणितात ऋण राशी दाखवण्यासाठी अंकापुढे जे चिन्ह येते, ते हुबेहूब आजच्या अधिकचिन्हासारखे दिसते. ते ‘क्षय’ शब्दातील जुन्या वळणाच्या ‘क्ष’वरून आले असावे, असा एक तर्क आहे. तो खरा असेल तर एकेकाळी ऋणाची खूण असलेले अक्षर आज मराठीत अज्ञाताची खूण होऊन बसले आहे, असे म्हणायला हवे.)

आता बेरीज. अव्यक्ताच्या प्रकरणातील पहिले उदाहरण भास्कराचार्य ‘मित्रा’ असे संबोधून विचारतात. एका बाजूला एक अव्यक्त आणि एक रूप. दुसऱ्या बाजूला दोन अव्यक्ते, उणे आठ रूपे. या दोन पक्षांची बेरीज काय? आजच्या लेखनात ‘क्ष + १’ आणि ‘२क्ष − ८’. ग्रंथाच्या पद्धतीने वरच्या ओळीत ‘या १ रू १’, खालच्या ओळीत ‘या २ रू ८’ आणि त्या आठाच्या डोक्यावर टिंब. ‘या’खाली ‘या’, ‘रू’खाली ‘रू’. उत्तर ‘या ३ रू ७’, सातावर टिंब. म्हणजे ३क्ष − ७. पण प्रश्न येथे संपत नाही. पहिल्या पक्षाची चिन्हे उलटी केली तर? दुसऱ्याची केली तर? दोन्हींची केली तर? उत्तरे अनुक्रमे क्ष − ९, −क्ष + ९ आणि −३क्ष + ७. एकच बेरीज चार वेळा, चिन्हांची चार रूपे करून. वाचकाच्या लक्षात येईल की यात बेरजेच्या पोटात वजाबाकी आधीच शिकवून झाली आहे. वजाबाकीचा नियमही त्यांनी तोच दिला आहे: जे वजा करायचे त्यातील धनाचे ऋण आणि ऋणाचे धन करून मग मिळवावे. दोन अव्यक्तांतून ‘उणे सहा अव्यक्त अधिक आठ रूपे’ वजा कर, असे पुढचे उदाहरण आहे आणि त्याचे उत्तर ८क्ष − ८. दोनांतून काही वजा केले आणि आठ उरले! आजही पहिल्यांदा हे करणारा विद्यार्थी उत्तर तपासायला मागे जातो.

यानंतर अनेक वर्णांचे प्रकरण येते. तेथे पहिला राशी तीन यावत्तावत्, पाच कालक, सात नीलक. आणि दुसरा राशी उणे दोन यावत्तावत्, उणे तीन कालक, उणे एक नीलक. बेरीज येते या १ का २ नी ६, आणि वजाबाकी या ५ का ८ नी ८. नियम सांगताना भास्कराचार्यांनी शब्द वापरला आहे ‘जाती’: समान जातींचा योग किंवा अंतर करावे, भिन्न जातींना वेगळी स्थिती द्यावी. आजच्या मराठी वाचकाला हा शब्द निरागसपणे वाचता येत नाही, आणि तसा वाचावा असा माझा आग्रहही नाही. परंतु येथे तो तर्कशास्त्रातल्या अर्थाने, ‘प्रकार’ या अर्थाने आला आहे, आणि मला महत्त्वाचा वाटतो तो त्याच्या शेजारचा शब्द: ‘स्थिती’. भिन्न जातींची बेरीज निषिद्ध आहे, असे भास्कराचार्य म्हणत नाहीत. ती अर्थहीन आहे, असेही नाही. त्यांची बेरीज म्हणजेच त्यांची वेगळी मांडणी. ‘या १ का २ नी ६’ हे अर्धवट सोडलेले गणित नाही. ते उत्तर आहे.

आमच्या शाळेतील नियम आणि हा नियम यांत शब्दांचा फरक केसाएवढा आहे, अर्थाचा मात्र मोठा. ‘बेरीज होत नाही’ असे म्हटले की ‘३अ + २ब’ ही एक अडचण ठरते, जिच्यापुढे जाता येत नाही. ‘बेरीज अशी होते’ असे म्हटले की तोच समूह एक नवा राशी होतो. त्याला नाव देता येते, तो दुसऱ्या राशीतून वजा करता येतो, त्याने दुसऱ्याला गुणता येते. न संपलेल्या बेरजेला पूर्ण संख्येचा मान देणे, ही बीजगणिताच्या इतिहासातील खरी उडी आहे असे मला वाटते. बीजगणिताचे शब्दरूप, संक्षेपरूप आणि चिन्हरूप असे तीन टप्पे १८४२ मध्ये नेसलमन या जर्मन अभ्यासकाने कल्पिले, आणि तेव्हापासून कोणाची चिन्हे किती होती याचीच मोजदाद फार झाली. चिन्हे हवीतच. पण टिंबाऐवजी आडवी रेघ आल्याने विचार बदलत नाही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक तुलना करावीशी वाटते. ती माझी आहे, ग्रंथातली नव्हे, आणि तिच्यावर इतिहासाचा भार टाकू नये. पाणिनीच्या व्याकरणात एकाच रूपाचे दोन शब्द एका विभक्तीत एकत्र आले तर त्यांपैकी एकच उरतो आणि दुसऱ्याची नोंद वचनात होते. दोन ‘राम’ मिळून ‘रामौ’. यालाच एकशेष म्हणतात. सजातीय पदांची बेरीज नेमकी अशी चालते: दोन ‘या’ शेजारी आले की ‘या’ एकच उरतो, आणि दुसरा त्याच्यापुढच्या अंकात जमा होतो. रूपे भिन्न असतील तर द्वंद्व होतो. द्वंद्व समासात दोन्ही पदे आपापला अर्थ राखून राहतात, तरीही समास म्हणून शब्द एकच, आणि त्या एका शब्दाला विभक्ती लागते. ‘या १ का २ नी ६’ हा अशा अर्थाने द्वंद्वच आहे. संस्कृत व्याकरणात मुरलेल्या मनाला ही स्थिती अपूर्ण वाटली नसावी.

गुणाकाराकडे वळू. भास्कराचार्यांचे उदाहरण आहे: पाच यावत्तावत् उणे एक रूप, याला तीन यावत्तावत् अधिक दोन रूपे यांनी गुणावे. पद्धत नवीन नाही. ‘लीलावती’त सांगितलेले खंडगुणनच येथे समजून घ्यावे, अशी सूचना ते देतात. गुणकाचे जितके खंड तितक्या वेळा गुण्य वेगवेगळे मांडायचे, प्रत्येक खंडाने गुणायचे, आणि शेवटी मिळवायचे. बाराला पस्तीसने गुणताना आपण तीस आणि पाच असे दोन खंड करतो, तसेच. तीन यावत्तावत् या खंडाने गुणले की १५ वर्ग आणि उणे ३ यावत्तावत्; दोन रूपांनी गुणले की १० यावत्तावत् आणि उणे २ रूपे. सजातीय मिळवले की ‘याव १५ या ७ रू २’, शेवटच्या दोनावर टिंब. म्हणजे १५क्ष² + ७क्ष − २. पाटीवरच्या अंकगणितातली हातोटी जशीच्या तशी अव्यक्तालाही लागू पडते, आणि ती पडते कारण अव्यक्त ही संख्याच आहे. मागच्या बाकाला हवे असलेले अर्धे उत्तर येथे आहे.

उरलेले अर्धे ‘भावित’ या शब्दात. रूपाने वर्णाला गुणले तर वर्ण येतो. समजातीय दोन-तीन वर्ण गुणले तर वर्ग, घन. विषम जातींचा गुणाकार केला तर येणारे ना ‘या’, ना ‘का’. ते तिसरेच काही, ‘याकाभा’. ‘भावित’ हे ‘भू’ धातूच्या प्रयोजक रूपातून आलेले: घडवून आणलेले, निर्माण केलेले. हाच शब्द मीमांसेत ‘भावना’ होऊन येतो, रसचर्चेत विभाव-अनुभावांच्या कुळात भेटतो, आणि आयुर्वेदात चूर्णाला रसाची भावना देताना ऐकू येतो. बेरजेत विजातीय एकमेकांशेजारी बसतात. गुणाकारात त्यांच्यापासून नवी जात जन्मते. या जातीचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी भास्कराचार्य एक मोठे उदाहरण घालतात: उणे तीन यावत्तावत्, उणे दोन कालक, एक नीलक आणि एक रूप, या राशीला त्याच्याच दुपटीने गुणावे. उत्तरात दहा पदे येतात. तीन वर्ग, तीन भाविते, तीन वर्ण आणि एक रूप: याव १८, काव ८, नीव २, याकाभा २४, उणे यानीभा १२, उणे कानीभा ८, उणे या १२, उणे का ८, नी ४, रू २. चार पदांच्या कुटुंबातून दहांची वस्ती उभी राहिली, आणि प्रत्येक सदस्याचे कूळ त्याच्या नावातच लिहिलेले.

भावित हा नुसता हिशेबाचा विस्तार नव्हे, हे ग्रंथाच्या अखेरीस कळते. तेथील एक प्रश्न असा: दोन संख्यांना अनुक्रमे चार आणि तीन यांनी गुणून बेरीज केली आणि त्यात दोन मिळवले, तर ती त्या संख्यांच्या गुणाकाराइतकी होते, संख्या सांग. या उकलीची उपपत्ती भास्कराचार्य दोन प्रकारांनी देतात, एक क्षेत्रगत आणि दुसरी राशिगत. क्षेत्रगत म्हणजे आकृतीची. एक आयत काढा. त्याची एक भुजा ‘या’, दुसरी ‘का’. क्षेत्रफळ हेच भावित. त्यातून एका बाजूने चार रुंदीची आणि दुसऱ्या बाजूने तीन रुंदीची पट्टी कापा. कोपऱ्यातला तीन-चारांचा तुकडा, म्हणजे बारा, दोन्ही पट्ट्यांत मोजला गेला, तो एकदा परत द्यायला हवा. मग आत उरलेल्या लहान आयताचे क्षेत्रफळ दोन अधिक बारा, म्हणजे चौदा. चौदाचे अवयव पाडले की उत्तरे हाती येतात: ४ आणि १८, ५ आणि ११, १० आणि ६, १७ आणि ५. आंबा गुणिले चिकू याचे चित्र काढता येत नाही. आंब्यांची संख्या गुणिले चिकूंची संख्या याचे येते. ते शेताच्या तुकड्यासारखे असते.

याच सुमारास बगदादच्या परंपरेतला एक तरुण याच प्रश्नाशी झुंजत होता, हा योगायोग विलक्षण आहे. अस्समव्अल इब्न यह्या अल-मगरिबी याने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, सुमारे ११४९ मध्ये, ‘अल-बाहिर’ हा बीजगणितावरील ग्रंथ लिहिला. त्याच्या आधी, नवव्या शतकात, अल-ख्वारिझ्मीने अज्ञाताला ‘शय’, म्हणजे ‘वस्तू’, म्हटले होते आणि ‘दहा उणे वस्तू’सारख्या राशींचे गुणाकार पूर्ण वाक्यांत करून दाखवले होते. इ. स. १००० च्या सुमारास अल-करजीने घातांच्या चढत्या श्रेणीवर अंकगणिताच्या क्रिया चालवल्या. अस्समव्अलने त्याही पुढे जाऊन एक कोष्टकच आखले. प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर घाताचे नाव, खाली फक्त अंक. पद नसेल तेथे शून्य. वस्तू, वर्ग, घन यांची नावे एकदाच लिहायची आणि मग स्तंभातले अंक हलवत राहायचे. दशमान पद्धतीत एकं-दहं-शतं ज्याप्रमाणे स्थानावरून ओळखतात, त्याप्रमाणे येथे क्ष, क्ष², क्ष³ स्थानावरून ओळखले जातात. एका अज्ञाताच्या लांबलचक राशींचा भागाकार करायचा तर ही युक्ती भास्कराचार्यांच्या अक्षरांहून सरस, हे मान्य करायला हवे. अनेक अज्ञाते आली की मात्र स्तंभ अपुरे पडतात आणि रंगांची नावे उपयोगी ठरतात.

युरोपात याच जागी एक वेगळी भिंत होती. ग्रीक भूमितीच्या संस्कारामुळे लांबीत क्षेत्रफळ मिळवणे तेथे तर्कविरुद्ध मानत. १५९१ मध्ये व्हिएतने ज्ञात आणि अज्ञात दोन्हींसाठी अक्षरे योजून आधुनिक बीजगणिताचा पाया घातला, तेव्हाही सजातीयांचीच सजातीयांशी तुलना व्हावी असा नियम त्याने शिरोभागी ठेवला. क्ष² मध्ये क्ष मिळवायचा असेल तर त्या क्षला आधी दुसऱ्या एखाद्या लांबीने गुणून क्षेत्रफळाच्या पंक्तीत आणावे लागे. १६३७ मध्ये देकार्तने एक लांबी एकक म्हणून ठरवली आणि दोन रेषांचा गुणाकार पुन्हा रेषाच असते असे दाखवून ही भिंत पाडली. भारतीय परंपरेत ती उभीच राहिली नव्हती, कारण तिचा अव्यक्त ही रेषा नसून संख्या होती. याला श्रेष्ठत्वाचा दाखला म्हणून मिरवण्याची घाई करू नये. याच भिंतीमुळे ग्रीकांनी सिद्धतेचा जो कस लावला, तो आपल्याकडे सर्वत्र लावला गेला असे म्हणता येणार नाही.

भास्कराचार्यांचे पुढे काय झाले याची कथा बरीचशी आपल्या परिसरातली आहे. आपले गाव सह्याद्रीच्या परिसरात असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे. ते नेमके कोणते यावर वाद आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील, इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख मात्र वादापलीकडचा आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ मध्ये अभ्यासकांपुढे आणला. यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी असलेला, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचे त्यात नोंदले आहे. लेख संस्कृत पद्यात सुरू होतो, आणि मठाच्या उत्पन्नाची गोष्ट आली की जुन्या मराठीवर उतरतो: घाण्यामागे पळीभर तेल, वगैरे. यावत्तावत्-कालकांचे गुणाकार शिकणाऱ्यांचा दिवा पाटणच्या तेल्यांनी तेवत ठेवला.

पुढे टीकाकार आले. १५३८ मध्ये ‘सूर्यप्रकाश’ ही टीका लिहिणारे सूर्यदास हे गोदावरीकाठच्या पार्थपूरचे, म्हणजे पाथरीचे. साहित्याच्या वाचकांना ते दुसऱ्याच कारणासाठी ठाऊक असतील. ‘रामकृष्णविलोमकाव्य’ त्यांचे: सरळ वाचले की रामकथा, उलट वाचले की कृष्णकथा. चिन्हांच्या उलटापालटीचा ग्रंथ ज्याने शिकवला, त्यानेच हे काव्य रचावे, यात मला नवल वाटत नाही. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञ यांनी ‘बीजपल्लव’ लिहिले. घराणे वऱ्हाडातल्या पयोष्णीकाठचे, वस्ती काशीला. ऋण वजा केले की धन का होते, हे त्यांनी भूगोलाने समजावले आहे. काशीहून पाटणा पूर्वेला पंधरा योजने, प्रयाग पश्चिमेला आठ योजने. पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण. दोन्ही शहरांमधले अंतर काढायचे म्हणजे पंधरांतून ऋण आठ वजा करायचे. उत्तर तेवीस, आणि ते कोणत्याही वाटसरूला पटेल. कर्जाच्या रूपकाने जे कधीच नीट उलगडत नाही, ते वाटेच्या रूपकाने सहज उलगडते. मी शिक्षकांच्या मेळाव्यात हे उदाहरण अनेकदा सांगितले आहे आणि दर वेळी कोणीतरी ते वहीत उतरवून घेतले आहे.

१६३४-३५ च्या सुमारास अताउल्ला रशिदी याने ‘बीजगणित’ फारसीत आणून शाहजहानला अर्पण केले. ताजमहालाचे स्थपती मानले जाणारे उस्ताद अहमद लाहौरी यांचा हा मुलगा. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) बीबी का मकबऱ्यावरील लेखात स्थपती म्हणून नाव आहे तेही अताउल्लाचेच. याच फारसी अनुवादावरून १८१३ मध्ये स्ट्रेचीने इंग्रजी भाषांतर केले. चारच वर्षांनी, १८१७ मध्ये, अमरकोशाचा संपादक कोलब्रुक याने मूळ संस्कृतावरून ब्रह्मगुप्त आणि भास्कर दोघांनाही इंग्रजीत आणले.

एकोणिसाव्या शतकात मराठी शाळांसाठी बीजगणिताची पुस्तके होऊ लागली ती इंग्रजी वळणाची. ‘या’, ‘का’, ‘नी’ मागे पडले. त्यांच्या जागी अ, ब, क आणि क्ष, य आले. टिंब गेले, रेघ आली, आणि लेखन निश्चितच सोपे झाले. शब्दांत मात्र जुने बरेच टिकले: वर्ग, घन, धन, ऋण, सजातीय, विजातीय. ‘रूप’ गेले, त्याचे ‘स्थिरपद’ झाले. आणि ‘भावित’ गेले. ६अब हे कसले पद आहे, हे सांगणारा शब्दच पाठ्यपुस्तकात उरला नाही. त्यामुळे तो प्रश्नही फक्त मागच्या बाकावरच उरला. ‘भावित’ आज मराठीत भेटतो तो वैद्यांकडे. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाची भावना देऊन आमलकी रसायन करतात. भास्कराचार्यांच्या हिशेबाने मात्र ते भावित नव्हे. तो आवळ्याचा वर्ग झाला.